झिपरीच्या गाठीसाठी दिवाळीची वाट पाहू नका

प्रश्न : डॉक्टर, आमची झिपरी साडेनऊ वर्षांची, पांढरी पॉमेरेनियन. रंगपंचमीला गेरची मिरवणूक बघून आलेल्या मुलांनी तिलाही रंगवलं. तो रंग धुताना तिच्या पोटाखाली, मागच्या पायांजवळच्या आचळाशी वाटाण्याएवढी गाठ हाताला लागली. आता गणपती आले आणि ती आवळ्याएवढी झाली आहे. दुखत नाही, खाणं-फिरणं नेहमीसारखं. एका दवाखान्यातून पाच दिवसांच्या गोळ्या आणल्या, फरक नाही. शेजारच्या भाभी म्हणतात, "उमर हो गई, अब मत छेड़ो, चाकू लगते ही फैलता है." यजमानांनाही तेच वाटतं. मी सध्या हळदीचा लेप लावते. मुलगा पुण्याहून दिवाळीला येईल, तेव्हा ठरवू असं चाललंय. तिची नसबंदी केलेली नाही. माज येऊ नये म्हणून दोनदा इंजेक्शन दिलं होतं. त्यानेच हे झालं का? हा कॅन्सर आहे का? आणि गल्लीतल्या कुत्रीचं एक मादी पिल्लू आम्ही घरात घेतलंय, पाच महिन्यांचं. त्याच्या बाबतीत काय करावं?
— एक वाचक, सुदामा नगर, इंदूर

उत्तर : ताई, पत्रातली सगळ्यात महत्त्वाची माहिती तुम्ही ओघात लिहून गेलात. मार्चमध्ये वाटाणा, गणपतीत आवळा. सहा महिन्यांत गाठ एवढी वाढली असेल तर ती कसली आहे हे कळण्याआधीच एक गोष्ट ठरून जाते : ती काढायची आहे, आणि दिवाळीपर्यंत थांबायचं नाही. मुलाला फोनवर हे उत्तर वाचून दाखवा. तो घरी येईल तेव्हा झिपरीचे टाके निघालेले असावेत, असं मला मनापासून वाटतं.

एवढी घाई का, ते सांगतो. कुत्रीच्या स्तनाच्या गाठीचं पुढे काय होणार हे ज्या गोष्टींवरून ठरतं, त्यांत गाठीचा आकार फार महत्त्वाचा. पशुवैद्य जगभर ज्या पायऱ्या मानतात त्यांत 3 सेंटिमीटरपेक्षा लहान गाठ पहिल्या पायरीवर, 3 ते 5 सेंटिमीटरची दुसऱ्या आणि 5 च्या पुढची तिसऱ्या. आजार काखेतल्या किंवा जांघेतल्या लिम्फ नोडमध्ये (शरीराच्या संरक्षणयंत्रणेतल्या लहान ग्रंथींमध्ये) पोचला की चौथी पायरी, फुप्फुसात किंवा आणखी कुठे गेला की पाचवी. मध्यम आवळा साधारण 3 सेंटिमीटरचा भरतो. म्हणजे तुमची झिपरी आज नेमकी त्या रेघेवर उभी आहे. रेघेच्या अलीकडे असताना काढलेली गाठ तपासणीत वाईट निघाली तरी अशा बऱ्याच कुत्र्या पुढे वर्षानुवर्षं छान जगतात. पलीकडे गेल्यावर ही शक्यता कमी कमी होत जाते. शिवाय सुरुवातीला साध्या असलेल्या गाठी वाढता वाढता बिघडतात, असं या विषयात काम करणाऱ्यांचं मत दिवसेंदिवस पक्कं होत चाललं आहे. म्हणून "वाढते का बघू" हा सल्ला मला पटत नाही. वाढलेली दिसेल तेव्हा आपण हातातला चांगला काळ घालवलेला असतो.

आज संध्याकाळी एक काम करा. मुलांच्या कंपासपेटीतली पट्टी घ्या, झिपरीला आडवी करा, केस बाजूला सारा आणि गाठीची लांबी-रुंदी मोजून तारखेसह लिहून ठेवा. पट्टी शेजारी धरून मोबाइलवर फोटो काढा. डॉक्टरांना "आवळ्याएवढी" सांगण्यापेक्षा आकडा सांगणं केव्हाही चांगलं, कारण आवळेही लहान-मोठे असतात.

मोजताना बाकीचं पोटही चाचपा. कुत्रीला बहुधा आचळांच्या पाच जोड्या असतात. छातीवर दोन, पोटावर दोन आणि जांघेत शेवटची. उजवी ओळ वेगळी, डावी वेगळी. गाठी सर्वांत जास्त मागच्या दोन जोड्यांत होतात, कारण तिथे ग्रंथीचं मांस जास्त असतं, आणि तुमची गाठ तिथेच आहे. पण निम्म्याहून जास्त कुत्र्यांमध्ये एकापेक्षा अधिक गाठी सापडतात. ज्वारीच्या दाण्याएवढी दुसरी गाठ केसांत लपून राहते आणि ऑपरेशन झाल्यावर महिन्याभराने घरच्यांच्या हाताला लागते. मग पुन्हा भूल, पुन्हा खर्च, पुन्हा सगळ्यांचा जीव टांगणीला. पुढच्या काखेपासून मागे जांघेपर्यंत प्रत्येक आचळाभोवतीची कातडी अंगठा आणि दोन बोटांच्या चिमटीत हलकेच धरून सरकवत जा. कागदावर दहा टिंबं काढून जिथे काही लागेल तिथे खूण करा. तो कागद दवाखान्यात न्या. डॉक्टर स्वतः तपासतीलच, पण घरच्या हाताला झिपरी निवांत असते. टेबलावर ती पोट आवळून धरते.

आता कॅन्सर आहे का? कुत्र्यांमधल्या स्तनाच्या गाठींपैकी साधारण निम्म्या साध्या असतात आणि निम्म्या वाईट. लहान जातींमध्ये वाईट गाठींचं प्रमाण त्याहून थोडं कमी दिसतं. आपण ज्यांना पॉमेरेनियन म्हणतो ते आपल्याकडे बहुतेक इंडियन स्पिट्झ असतात, आणि तीही लहान जातच. वाईट निघालेल्या गाठींपैकीही सगळ्या शरीरभर पसरत नाहीत. त्यामुळे पत्र वाचून मी घाबरलो नाही, तुम्हीही घाबरू नका. मात्र हात लावून साधी की वाईट हे कोणीही सांगू शकत नाही, तीस वर्षं प्रॅक्टिस केलेला डॉक्टरही नाही. लवकर वाढणारी, खालच्या मांसाला किंवा वरच्या कातडीला चिकटलेली, जखम झालेली गाठ जास्त संशयास्पद असते, पण त्या संशयावर निदान करता येत नाही. आणि दुखत नाही म्हणून बरी, हा समज तर सोडूनच द्या. या गाठी बहुतेक वेळा दुखतच नाहीत, साध्याही आणि वाईटही.

गोळ्यांनी फरक पडला नाही याचं आश्चर्य नाही. माज होऊन गेल्यावर दीड-दोन महिन्यांनी काही कुत्र्यांना खोटा गाभ राहतो, आचळं सुजतात, दूधही येतं, कधी त्यात संसर्ग होऊन स्तनदाह होतो. तेव्हा अशा गोळ्यांचा उपयोग असतो. सहा महिने एकाच जागी राहून वाढलेली गाठ हा निराळा प्रकार आहे. जांघेतल्या जोडीबाबत आणखी एक शक्यता डॉक्टरांनी डोक्यात ठेवायला हवी, ती म्हणजे हर्निया. तिथल्या भोकातून चरबी किंवा गर्भाशयाचा तुकडा खाली उतरला की तोही मऊ गाठीसारखाच लागतो. अनुभवी हाताला फरक कळतो, शंका वाटलीच तर सोनोग्राफीत स्पष्ट दिसतो.

दवाखान्यात काय काय व्हायला हवं ते आता नीट सांगतो, म्हणजे कोणी एखादी पायरी गाळली तर तुम्ही विचारू शकाल.

पहिली गोष्ट छातीचा एक्स-रे. वाईट गाठ पसरते ती बहुतेक करून जांघेतल्या किंवा काखेतल्या लिम्फ नोडमध्ये आणि फुप्फुसात. एक्स-रे तीन बाजूंनी हवा : उजव्या कुशीवर, डाव्या कुशीवर आणि उताणं. एकाच बाजूने काढला तर खाली दबलेल्या फुप्फुसातला ठिपका दिसत नाही. पुष्कळ ठिकाणी पैसे वाचवायला एकच फोटो काढतात. इथे पैसे वाचवू नका, ताई. एक्स-रे स्वच्छ आला म्हणजे फुप्फुसात काहीच नाही अशी शंभर टक्के खात्री होत नाही, अगदी बारीक ठिपके त्यात येत नाहीत. तरीही ऑपरेशन करायचं की नाही, हे ठरवायला तो पुरेसा आहे. जमलं तर पोटाची सोनोग्राफीही करून घ्या. गाठ मागच्या जोडीत आहे, त्यामुळे पोटातले लिम्फ नोड बघितलेले बरे, आणि नसबंदी न केलेल्या साडेनऊ वर्षांच्या कुत्रीचं गर्भाशय कसं आहे तेही कळतं.

दुसरी गोष्ट रक्त. किडनी, लिव्हर, हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट. यातल्या प्लेटलेटवर आपल्या भागात मी फार जोर देतो. पावसाळ्यात आणि त्यानंतर गोचीड ताप भरपूर असतो. कुत्रा वरून ठणठणीत दिसतो, जेवतो, खेळतो, आणि रक्तातल्या प्लेटलेट निम्म्यावर आलेल्या असतात. अशा कुत्रीवर स्तनाचं ऑपरेशन केलं तर रक्त थांबता थांबत नाही. प्लेटलेट कमी निघाल्या तर आधी गोचीड तापाचा उपचार आणि मग ऑपरेशन. हा उशीर मात्र योग्य.

सुईच्या तपासणीबद्दल यजमानांच्या मनात शंका असणारच, म्हणून लिहितो. बारीक सुईने थोड्या पेशी ओढून काचेवर घेतात. या सुईमुळे स्तनाची गाठ शरीरभर पसरते, असं मानायला आधार नाही. पण सुईची मर्यादाही ठाऊक असू द्या : स्तनाची गाठ साधी की वाईट हे ती नेहमी खात्रीने सांगू शकत नाही. तिचा खरा उपयोग दोन ठिकाणी आहे. ही गाठ स्तनाची नसून चरबीची किंवा मास्ट सेल ट्यूमर नावाच्या कातडीच्या कॅन्सरची तर नाही ना, हे तीत कळतं. आणि जांघेतला लिम्फ नोड मोठा लागत असेल तर त्यात आजार पोचलाय का, तेही कळतं. सुईचा रिपोर्ट "संशयास्पद काही नाही" असा आला तरी वाढणारी गाठ तशीच ठेवू नका.

आता भाभींचा मुद्दा. "चाकू लगते ही फैलता है" हे मी माणसांच्या बाबतीतही ऐकतो आणि कुत्र्यांच्याही. हा समज कसा तयार झाला असेल याचा मी अंदाज करू शकतो. लोक गाठ लिंबाची, मग मोसंबीची होईपर्यंत थांबतात. तोवर फुप्फुसात ठिपके पडलेले असतात. मग ऑपरेशन होतं, दोन-तीन महिन्यांत कुत्री जाते आणि दोष चाकूला लागतो. भाभींना झिपरीची काळजी आहे, त्यांच्याशी वाद घालू नका. त्यांना पट्टीवरचे आकडे दाखवा.

एक प्रकार मात्र असा आहे की त्यात चाकू लावायचाच नसतो, तो तुम्हाला माहीत हवा. गाठ अशी वेगळी लागत नाही, उलट सगळी ओळ लाल, गरम, कडक आणि अतिशय दुखरी होते, कधी त्या बाजूचा मागचा पाय सुजतो. बघताना स्तनदाहासारखं वाटतं, पण अँटिबायोटिकने हलत नाही. हा दाहक प्रकारचा स्तनाचा कॅन्सर, सर्वांत आक्रमक. त्यात ऑपरेशनने फायदा होत नाही आणि जखमही भरत नाही. मग फक्त वेदना कमी करायची. तुमच्या वर्णनावरून झिपरीचं हे नाही. पण हळदीचा लेप आजपासून बंद करा तो याच कारणाने : पिवळ्या झालेल्या कातडीवर लाली दिसत नाही. शिवाय ती चाटत राहते, कातडी ओलसर राहून चिघळते, आणि गाठ हळदीने कमी होणार नाही. तेलाने चोळू तर अजिबात नका. घरातली माणसांची वेदनाशामक गोळी, पॅरासिटामॉल असो, आयबुप्रोफेन असो की डायक्लोफेनॅक, तिला देऊ नका. त्यांनी कुत्र्यांचं पोट, किडनी, लिव्हर जातं. हे मी दर वर्षी लिहितो आणि तरी दर वर्षी एखादी कुत्री तशा अवस्थेत येते.

वयाचं म्हणाल तर साडेनऊ हे स्पिट्झसाठी म्हातारपणाचं दार आहे, शेवट नव्हे. नीट सांभाळलेली स्पिट्झ बारा-चौदा वर्षं सहज जगते. स्तनाच्या गाठी होतातच मुळी या वयात, बहुतेक आठ ते अकराच्या दरम्यान. वय झालं म्हणून काढायच्या नाहीत असं म्हटलं तर कोणाच्याच काढता येणार नाहीत. भुलेची भीती खरी आहे, ती मी उडवून लावत नाही. ब्रिटनमध्ये 2008 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत, एरवी निरोगी असलेल्या कुत्र्यांमध्ये भुलेशी संबंधित मृत्यूचं प्रमाण 0.05 टक्के, म्हणजे दोन हजारांत एक, आणि आधीपासून आजारी असलेल्यांमध्ये 1.33 टक्के आढळलं. आपल्याकडचे दवाखाने सगळे सारख्या सोयींचे नाहीत, त्यामुळे हे आकडे तसेच्या तसे धरू नका. यातून घ्यायचं ते एवढंच की वयापेक्षा आतली तब्येत महत्त्वाची. लहान जातीच्या कुत्र्यांत या वयात हृदयाची झडप गळण्याचा आजार पुष्कळ दिसतो. रात्री खोकते का, चालताना दम लागतो का, हे डॉक्टरांना सांगा आणि स्टेथोस्कोपने हृदय नीट ऐकायला लावा. आवाज वेगळा आला तर आधी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी.

डॉक्टरांना तीन गोष्टी संकोच न करता विचारा. घशात नळी घालून ऑक्सिजनसोबत भूल देणार का? ऑपरेशनभर सलाइन चालू ठेवून नाडी आणि श्वास बघायला वेगळा माणूस असेल का? आणि शुद्धीवर येईपर्यंत ती कोणाच्या नजरेखाली असेल? चांगल्या डॉक्टरांना अशा प्रश्नांचा राग येत नाही. इंदुरात सोय पटली नाही तर महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालय पंचवीसेक किलोमीटरवर आहे. तिथे सर्जरी आणि पॅथॉलॉजी असे दोन्ही विभाग आहेत. फोन करून बाह्यरुग्ण विभागाची वेळ विचारा आणि सकाळी लवकर निघा.

ऑपरेशन केवढं करायचं यावर घराघरांत गैरसमज असतात. अर्धा-एक सेंटिमीटरची सुटी गाठ असेल तर तेवढीच काढता येते. झिपरीच्या आकाराच्या गाठीला ते पुरणार नाही. गाठीभोवतीचं निरोगी मांस सगळ्या बाजूंनी सोबत काढून कडा स्वच्छ राहायला हव्यात, म्हणून बहुधा ती संपूर्ण ग्रंथी आणि तिच्या शेजारची काढतात, सोबत जांघेतला लिम्फ नोडही येतो. चौथी आणि पाचवी ग्रंथी एकमेकींना आतून जोडलेल्या असतात, म्हणून त्या एकत्र काढायची पद्धत आहे. त्या बाजूच्या पाचही ग्रंथी काढायच्या का? पूर्ण ओळ काढल्याने आयुष्य वाढतं असं सिद्ध झालेलं नाही, वाईट गाठीत कडा स्वच्छ असणं महत्त्वाचं. पण मागे ठेवलेल्या ग्रंथींत नव्या गाठी होतात हेही खरं. 2008 सालच्या एका अभ्यासात, फक्त काही ग्रंथी काढलेल्या कुत्र्यांपैकी निम्म्याहून अधिक जणींना त्याच बाजूला पुन्हा गाठ झाली. म्हणून मी असं बघतो : एकच गाठ असेल तर मागच्या दोन ग्रंथी, त्याच ओळीत दोन-तीन गाठी असतील तर अख्खी ओळ. दोन्ही बाजूंना गाठी असतील तर दोन्ही ओळी एका दिवशी काढत नाहीत, कातडी शिवायला पुरत नाही आणि तिला श्वास घेणं जड जातं. मध्ये चार-सहा आठवडे जाऊ देतात.

त्याच भुलेत नसबंदीही करून घ्या, असं मी सुचवेन. या वयात नसबंदीने आताच्या वाईट गाठीवर कितपत परिणाम होतो याबद्दल अभ्यासांची मतं जुळत नाहीत. पण साधी गाठ निघालेल्या कुत्र्यांत, सोबत नसबंदी केल्यास नव्या गाठी जवळपास निम्म्याने कमी झाल्याचं एका अभ्यासात दिसलं. शिवाय न काढलेल्या गर्भाशयात या वयात पू होतो, त्यालाच पायोमेट्रा म्हणतात, आणि ती रात्री-अपरात्रीची धावाधाव मी फार बघितली आहे. डॉक्टर आधी पोट उघडून नसबंदी करतील आणि मग गाठीकडे वळतील, म्हणजे गाठीच्या पेशी पोटात जायची भीती राहत नाही. तब्येत जरा नाजूक असेल आणि भूल लांबवायची नसेल तर मात्र आधी गाठच काढावी.

आता मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे ते. काढलेली गाठ कचऱ्यात जाऊ देऊ नका. आपल्याकडे अर्ध्याअधिक वेळा तसंच होतं : "निकाल दिया, अब टेन्शन मत लो." आणि मग वर्षाने खोकला सुरू झाला की कोणालाच सांगता येत नाही, ती गाठ मुळात कसली होती. बायोप्सीचा रिपोर्ट हा एकमेव कागद झिपरीच्या पुढच्या वर्षांबद्दल काही सांगू शकतो. ऑपरेशनच्या आधीच ठरवून ठेवा की नमुना कुठे जाणार, कोण नेणार. रुंद तोंडाची बरणी, 10 टक्के फॉर्मेलिन, आणि ते गाठीच्या दहा पट तरी असावं. मोठी गाठ असेल तर डॉक्टर तिला चिरा देऊन ठेवतील म्हणजे औषध आतपर्यंत मुरेल. गाठी दोन असतील तर बरण्याही दोन आणि त्यांवर कुठली ग्रंथी ते लिहिलेलं, कारण एकाच कुत्रीत एक गाठ साधी आणि शेजारची वाईट असं सर्रास होतं. शक्यतो प्राण्यांच्या पॅथॉलॉजिस्टकडेच पाठवा. कुत्रीच्या गाठींत दोन-तीन प्रकारच्या पेशी मिसळलेल्या असतात, कधी चक्क कूर्चा किंवा हाड तयार होतं, आणि रोज माणसांचे नमुने बघणाऱ्याला ते फार भयंकर वाटू शकतं.

रिपोर्टमध्ये तीन जागा बघा : गाठीचा प्रकार, ग्रेड आणि कडा. कार्सिनोमा म्हणजे कॅन्सर, पण "कॉम्प्लेक्स" किंवा "मिक्स्ड" कार्सिनोमा हे शब्द वाचून खचू नका, ते "सिंपल" कार्सिनोमापेक्षा बहुधा बरे वागतात. ग्रेड एक ते तीन, एक सौम्य. कडा स्वच्छ आणि लिम्फ नोड स्वच्छ असतील तर पहिल्या ग्रेडला बहुतेक वेळा आणखी काही करावं लागत नाही. तिसरा ग्रेड असेल किंवा रक्तवाहिन्यांत पेशी दिसल्या असतील तर केमोथेरपीचा विषय निघतो. तिथे मी तुम्हाला घाईने हो म्हणायला सांगणार नाही. कुत्र्यांच्या स्तनाच्या कॅन्सरमध्ये केमोने नक्की किती फायदा होतो याचे पुरावे अजून पातळ आहेत. रिपोर्ट हातात आला की मला पुन्हा लिहा.

ऑपरेशननंतर दहा ते चौदा दिवस गळ्यात कोन, म्हणजे चाटू न देणारी शंकूसारखी कॉलर. तिला बिचारीला आवडणार नाही, पण रात्रीच्या एका तासात ती सगळे टाके चाटून उघडू शकते. सोफ्यावर आणि जिन्यावर उड्या बंद. जखमेखाली पाण्यासारखा फुगवटा आला तर तो बहुधा साधा स्राव असतो, स्वतः दाबू नका, डॉक्टरांना दाखवा. लाली, वास, पू किंवा खाणं सोडलं तर त्याच दिवशी न्या. वेदनेची औषधं डॉक्टरांनी दिलेलीच आणि पूर्ण दिवस. आणि सकाळच्या पोह्यांतला वाटा तिला देत असाल तर तो थांबवा. कांद्याने कुत्र्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, आणि ऑपरेशननंतर तिला त्या सगळ्या हव्या आहेत. त्यानंतर महिन्यातून एकदा घरी चाचपणी, आणि वाईट गाठ निघाली असेल तर दर तीन महिन्यांनी दवाखान्यात तपासणी आणि छातीचा एक्स-रे.

एक्स-रेत ठिपके दिसलेच तर? मग मोठं ऑपरेशन करून तिला त्रास देण्यात अर्थ नाही. गाठ फुटून वाहत असेल तर फक्त तेवढी काढून तिला आराम देता येतो, वेदना आणि सूज कमी करणारी औषधं किडनीवर लक्ष ठेवून देता येतात, आणि ती खाते, फिरते, दारात तुमची वाट बघते तोवर तिचे दिवस चांगले घालवता येतात. पण हे आधीच गृहीत धरून एक्स-रेच टाळू नका.

इंजेक्शनांचं विचारलंत. माज थांबवण्याच्या इंजेक्शनांत प्रोजेस्टेरॉनसारखं हॉर्मोन असतं आणि त्याने स्तनाच्या गाठींचा आणि पायोमेट्राचा धोका वाढतो, हे खरं आहे. झिपरीची गाठ त्या दोन इंजेक्शनांनीच झाली असं मात्र कोणी म्हणू शकत नाही. इंजेक्शन कधीच न घेतलेल्या, नसबंदी न झालेल्या कितीतरी कुत्र्यांना याच वयात याच जागी गाठी होतात. तेव्हा तुम्ही डॉक्टरांनी सांगितलं ते केलंत, आणि रंग धुताना वाटाण्याएवढी गाठ तुमच्याच हाताला लागली. पुन्हा तसलं इंजेक्शन देऊ नका, एवढं पुरे.

आणि ते पिल्लू. त्याच्या बाबतीत तुम्ही अगदी वेळेत विचारलंत. 1969 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, पहिल्या माजाआधी नसबंदी केलेल्या कुत्र्यांमध्ये स्तनाच्या गाठींचा धोका, न केलेल्यांच्या तुलनेत 0.5 टक्के, एका माजानंतर केली तर 8 टक्के आणि दोन किंवा जास्त माजांनंतर 26 टक्के राहतो असं दिसलं. 2012 साली सगळे जुने अभ्यास पुन्हा तपासणाऱ्यांनी, हा पुरावा वाटतो तितका भक्कम नाही असं म्हटलं आहे, आणि लॅब्रडॉर किंवा जर्मन शेफर्डसारख्या मोठ्या जातींत फार लवकर नसबंदी केल्याने सांध्यांचे त्रास वाढू शकतात. तुमचं पिल्लू आपल्या गल्लीतलं, मध्यम बांध्याचं, त्याला हा सांध्यांचा मुद्दा तेवढा लागू होत नाही. अशा माद्या बहुधा सहा ते दहा महिन्यांत पहिल्यांदा माजावर येतात, म्हणजे तुमच्या हातात थोडे आठवडे आहेत. लसी आणि जंताचं औषध पूर्ण करा, गोचीड काढून टाका, आणि झिपरीला टाके दाखवायला न्याल त्याच दिवशी पिल्लालाही सोबत नेऊन वजन करून घ्या आणि नसबंदीची तारीख ठरवूनच घरी या. तोवर तिला एकटीला गेटबाहेर सोडू नका.